सिडनीच्या वडापासून बँक्सियापर्यंत: ऑस्ट्रेलियातल्या देशी झाडांचं बोन्साय

आमच्या सिडनीतल्या पहिल्या भाड्याच्या घरामागे दगडी बांध होता आणि बांधाच्या फटीत वीतभर उंचीचं एक झाड. पान जाडसर, वरून तुकतुकीत हिरवं, उलटं केलं की तांबूस लव. देठ मोडला की पांढरा चीक. गावाकडे पडक्या वाड्याच्या भिंतीत पिंपळ उगवतो ना, अगदी तसं. बांधाला तडे जातील म्हणून घरमालक ते मारायच्या बेतात होते. त्यांना विचारून मी ते काढून घेतलं. जानेवारी महिना होता. मुळं फटीतच तुटली, हाती आला तो बुंधा आणि करंगळीएवढी दोन मुळं. सगळी पानं काढली, जाड रेतीत लावलं, सावलीत ठेवलं. तीन आठवड्यांत बुंध्यावर डोळे फुगले, महिन्याभरात पालवी आली. हे झाड म्हणजे पोर्ट जॅक्सन फिग. आपले वड, पिंपळ, उंबर ज्या फायकस प्रजातीतले, तिच्यातलंच. शास्त्रीय नाव फायकस रुबिजिनोसा. रुबिजिनोसा म्हणजे गंजाच्या रंगाचं, पानामागच्या त्या लवेवरून पडलेलं नाव.

त्याच वर्षी माझ्या हातून एक बँक्सिया मेला. नर्सरीतून छान रोप आणलं होतं. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे हिवाळा संपता संपता, म्हणजे इथल्या ऑगस्टमध्ये, मुळं छाटून उथळ कुंडीत बसवलं आणि लवकर जोम धरावा म्हणून घरात होतं ते गुलाबाचं खत घातलं. दिवाळीपर्यंत पानांच्या कडा करपल्या आणि झाड गेलं. पुस्तकात चूक काहीच नव्हती, ते जपानी मेपल आणि पाइनसाठी लिहिलेलं होतं. तेव्हापासून मी एकच धरून चालले आहे: ऑस्ट्रेलियाच्या झाडाला हंगाम, खाणं आणि आकार, तिन्ही त्याच्या घरचंच द्यायचं. ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या आणि बाल्कनीत किंवा मागच्या अंगणात थोडी जागा असलेल्या मराठी माणसासाठी हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी पंचांग जुळवा

जपानी मेपल हिवाळ्यात पानं गाळून झोपतं. त्या झोपेत मुळं छाटली तरी त्याला फारसा त्रास होत नाही, वसंतात ते साठवलेल्या अन्नावर नवी मुळं काढतं. ऑस्ट्रेलियातली बहुतेक झाडं सदाहरित आहेत. ती थंडीत संथ होतात, झोपत नाहीत. थंड, ओल्या मातीत कापलेली मुळं नव्याने फुटत नाहीत, कुजतात. वर पानं मात्र पाणी मागतच असतात. म्हणून इथल्या झाडांच्या मुळांचं काम झाड जोमात वाढत असताना, उबदार दिवसांत करायचं. माझ्या बँक्सियाचं खरं दुखणं अर्धं इथेच होतं.

महिने उलटेसुलटे लक्षात ठेवण्यापेक्षा मी सणांवर हिशेब बसवला आहे. गणपती येतात तेव्हा सिडनीत वसंत लागलेला असतो. तेव्हा खत सुरू करायचं आणि लांबलेले शेंडे खुडायचे. नवरात्रापासून दिवाळीपर्यंत पेपरबार्क आणि बॉटलब्रशच्या कुंड्या बदलायच्या, दिवाळीच्या आसपास बँक्सिया आणि गम, म्हणजे इथली निलगिरी. तुळशीच्या लग्नापासून संक्रांतीपर्यंत वडाचे, म्हणजे पोर्ट जॅक्सन फिगचे दिवस, कारण त्याला उष्णता जितकी जास्त तितकं बरं. गुढीपाडवा आला की मुळांना हात लावणं बंद. आषाढीला इथे कडाक्याची थंडी असते, तेव्हा फक्त पाणी द्यायचं, तण काढायचं आणि रुतत चाललेल्या तारा सोडवायच्या. मेलबर्न आणि कॅनबेराला हे सगळं तीन-चार आठवडे उशिरा सुरू करा. ब्रिस्बेनवाल्यांना वडासाठी ऑक्टोबर ते मार्च एवढा मोकळा हंगाम मिळतो.

कोणतं रोप घ्यायचं

पहिलं झाड पोर्ट जॅक्सन फिगच घ्या. हे मी वडाच्या प्रेमापोटी म्हणत नाही. मुळं निम्मी काढली, सगळी पानं उतरवली, चुकून चार दिवस पाणी द्यायचं राहिलं, तरी हे झाड सावरतं. जखमा भरून येतात आणि जुन्या खोडावर कुठेही फुटवा येतो. शिकणाऱ्याला चुका करायला एवढी मोकळीक दुसरं कोणतंही इथलं झाड देत नाही. मॉर्टन बे फिग मात्र पहिल्या खेपेला नको, त्याचं पान तळहाताहून मोठं असतं.

दुसऱ्या नंबरवर बॉटलब्रश आणि पेपरबार्क. दोन्ही मेलाल्युका गोतावळ्यातली, दोन्ही पाणथळीत वाढणारी, दोन्ही कापली की जून लाकडातून फुटणारी. पेपरबार्कची साल कागदाच्या चळतीसारखी थरांवर थर असते. पाच-सहा वर्षांचं झाडही त्यामुळे म्हातारं दिसतं, आणि बोन्सायमध्ये म्हातारं दिसण्याला किंमत आहे. जातीत मेलाल्युका लिनॅरिफोलिया किंवा मेलाल्युका स्टायफेलिऑइडिस मिळाली तर घ्या, दोन्हींची पानं बारीक आहेत.

सुरू, म्हणजे कॅझुआरिना, ओळखीचं झाड. त्याच्याकडे शेवटी येते.

बँक्सिया दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी घ्या. सिडनीच्या किनाऱ्यावर ओल्ड मॅन बँक्सिया, म्हणजे बँक्सिया सेराटा, जागोजाग दिसतो. वाकडंतिकडं खोड, गाठीगाठींची करडी साल, करवतीच्या दात्यांची पानं. १७७० साली जोसेफ बँक्स आणि डॅनियल सोलँडर या वनस्पतिअभ्यासकांनी सिडनीजवळच्या बॉटनी बे इथे गोळा केलेल्या झाडांमध्ये हा होता आणि बँक्सच्याच नावावरून सगळ्या प्रजातीला नाव पडलं. त्याची पानं मोठी असतात, तेव्हा झाडही अर्ध्या मीटरच्या वरचंच शोभतं. लहान झाड हवं असेल तर बँक्सिया मार्जिनाटा किंवा बँक्सिया स्पिन्युलोसा बघा. किनाऱ्याचा बँक्सिया इंटेग्रिफोलिया सगळ्यांत समजूतदार, छाटणीने त्याची पानं चांगली लहान होतात.

एक भेद इथेच लक्षात घ्या, कारण यावर झाड जगतं किंवा मरतं. वणव्यानंतर काही झाडं जळक्या खोडातून पुन्हा फुटतात. त्यांच्या सालीखाली झोपलेले डोळे असतात किंवा बुडाशी गाठ असते. ओल्ड मॅन बँक्सिया, पेपरबार्क, बॉटलब्रश आणि बहुतेक गम या गटातले. दुसरी झाडं आगीत मरतात आणि त्यांचं फक्त बी रुजतं. बँक्सिया एरिसिफोलिया आणि किनाऱ्याचा टी-ट्री, म्हणजे लेप्टोस्पर्मम लीव्हिगाटम, हे त्या गटातले. पहिल्या गटातलं झाड तुम्ही बिनपानाच्या लाकडापर्यंत कापू शकता. दुसऱ्या गटातल्या फांदीवर हिरवं पान राखूनच कापायचं, नाही तर ती फांदी गेली. नवीन जात घरी आणण्याआधी ती वणव्यानंतर कशी परतते एवढं विचारून घ्या.

ट्यूबस्टॉक हातात घेऊन बघा

इथल्या नेटिव्ह नर्सऱ्यांत अरुंद चौकोनी नळ्यांत रोपं मिळतात, त्याला ट्यूबस्टॉक म्हणतात. चार-पाच डॉलरच्या आसपास एक. मोठ्या कुंडीतल्या महागड्या झाडापेक्षा मी कायम हेच घेते, कारण बुडाची मुळं पहिल्या दिवसापासून आपल्या हातात राहतात. नळी उलटी करून खालची भोकं बघा. थोडी पांढरी टोकं दिसली तर ठीक, तपकिरी दोरखंड बाहेर आला असेल तर ठेवून द्या. गमच्या बाबतीत हे दहापट महत्त्वाचं. नळीत गोल फिरलेलं गमचं मूळ पुढे सरळ होत नाही, आणि जाड झाल्यावर कापलं तर झाड बहुधा सोसत नाही.

सारख्या उंचीची, सरळसोट रोपं रांगेत पुढे मांडलेली असतात. मागच्या रांगेतलं कललेलं, बुडाशी वळण घेतलेलं रोप शोधा.

रानातून झाड उपटून आणायचा मोह अनेकांना होतो. राष्ट्रीय उद्यानातून आणि राखीव जमिनीवरून ते आणणं गुन्हा आहे, खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी लागते. बांधकाम होणाऱ्या जागेवरची, भिंतीतली, पन्हाळीतली झाडं मालकाला विचारून मिळतात, आणि वडाची तर हमखास. भारतातून बी किंवा कलम घेऊन येण्याचा विचारही नको. इथली जैवसुरक्षा तपासणी कडक आहे आणि ती असायलाच हवी.

बियांपासून करायची आवड असेल तर थोडक्यात: वॅटलच्या, म्हणजे इथल्या बाभळीच्या, बियांवर उकळतं पाणी ओतून रात्रभर भिजवा. बॉटलब्रशची कडक बोंडं कागदी पिशवीत ठेवा, ती काही दिवसांत उघडतात आणि बारीक बी सांडतं. स्नो गमचं बी ओल्या वाळूत मिसळून चार-सहा आठवडे फ्रिजमध्ये ठेवल्याशिवाय नीट उगवत नाही, त्याला डोंगरातला हिवाळा हवा असतो.

मिश्रण

बागेची माती नको. बोन्सायसाठी वापरतात ती जपानी आकादामा माती इथे महाग पडते आणि तिची गरजही नाही. पमिस म्हणजे ज्वालामुखीचा हलका सच्छिद्र दगड, स्कोरिया म्हणजे ज्वालामुखीचा लाल खडा, आणि कुजवलेली पाइनची साल समप्रमाणात घ्या. सगळं चाळून दोन ते सहा मिलिमीटरमधलं ठेवा. चाळणीखालची धूळ टाकून द्या, ती निचरा बंद करते. पेपरबार्क आणि बॉटलब्रशला सालीचा वाटा थोडा वाढवा. बँक्सियाला उलट, खडा जास्त आणि वरून थोडी जाड रेती.

कुंडी बदलताना

आदल्या दिवशी झाडाला भरपूर पाणी द्या. सकाळी, वारा नसताना, सावलीत काम करा. नवी कुंडी आधी तयार हवी: भोकांवर जाळी, झाड बांधायच्या तारा ओवलेल्या, तळाशी मिश्रणाचा थर. मुळं उघडी ठेवून मग वस्तू शोधत फिरायचं नाही. बॉटलब्रशची बारीक मुळं उन्हात पाच मिनिटांत सुकतात.

हुंडी, म्हणजे मुळांसकटचा मातीचा गोळा, बाहेर काढून लाकडी काडीने कडेपासून आत मोकळी करा. खाली सरळ जाणारं मूळ पहिलं कापायचं. बाजूला पसरणारी मुळं राखायची, कारण पुढे तीच बुंध्याशी दिसणार आहेत. किती कापायचं ते झाडावर आहे. वडाची दोन तृतीयांश गेली तरी चालतात, पेपरबार्कची निम्मी, गम आणि बँक्सियाची चौथ्या हिश्शापेक्षा जास्त एका वेळी नाही. उरलेलं दोन वर्षांनी.

बँक्सियाची हुंडी उघडली की पृष्ठभागाजवळ बारीक मुळांचे दाट झुपके दिसतील, दात घासायच्या ब्रशसारखे, मातीला घट्ट चिकटलेले. ते रोग म्हणून खरवडू नका. झाडाचं अन्न तिथून येतं. ते का, हे खताच्या भागात सांगते.

झाड बसवा, तारांनी घट्ट बांधा, काडीने मिश्रण मुळांत सरकवा, मोकळी पोकळी राहता कामा नये. मग खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत पाणी द्या. मुळं जितकी कापली त्या मानाने पानंही कमी करा. वडाची सगळी काढली तरी चालतात, बँक्सियाची फक्त जुनी खालची. पेपरबार्क आणि बॉटलब्रश पुढचे दोन-तीन आठवडे पाण्याच्या उथळ थाळीत ठेवा. वाचायला विचित्र वाटेल, पण ही पाणथळीची झाडं आहेत, बुडाशी पाणी असलं की ती जास्त लवकर उठतात. बँक्सियाला ही थाळी देऊ नका. सगळ्यांना दोन-तीन आठवडे वाऱ्यापासून आडोसा आणि सकाळचं कोवळं ऊन.

पाणी आणि खत

ही झाडं दुष्काळातली, म्हणजे पाणी कमी लागत असेल, असं बहुतेकांना वाटतं. जमिनीत त्यांची मुळं खोल जातात, म्हणून ती दुष्काळ सोसतात. दोन इंच खोल कुंडीत ती सोय नाही. उन्हाळ्यात रोज पाणी, चाळीस अंशांच्या दिवशी सकाळ-संध्याकाळ. टी-ट्री एकदा पूर्ण सुकला की परत येत नाही, आणि तो कोमेजून सूचनाही देत नाही. पानं दोन दिवस हिरवीच दिसतात, हात लावला की कुरकुरतात. त्याची कुंडी मी सगळ्यांत जवळ, स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवते.

आता खत. ऑस्ट्रेलियाची जमीन फार जुनी आहे. लाखो वर्षांच्या पावसाने तिच्यातलं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, धुऊन नेलं आणि नव्या लाव्ह्याने किंवा हिमनद्यांनी बहुतेक भागात ते परत भरलं गेलं नाही. बँक्सिया, ग्रेव्हिलिया, हेकिया ही प्रोटिएसी कुळातली झाडं त्या उपासमारीत तयार झाली. मघाशी सांगितलेले मुळांचे झुपके आम्ल सोडून मातीला चिकटलेला स्फुरदाचा कणन् कण सुटा करतात आणि ओढून घेतात. अशा झाडाला आपण स्फुरदाने भरलेलं खत घातलं तर त्याला थांबता येत नाही, ते घेतच राहतं आणि त्यानेच विषबाधा होते. आधी नवी पानं पिवळी पडतात, मग कडा करपतात.

ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना पोत्यावरचे तीन आकडे माहीत असतात: नत्र, स्फुरद, पालाश. १९:१९:१९ किंवा डीएपी या झाडांसाठी विष समजा. हाडांचा चुरा आणि कोंबडीखतही नको. पाकिटावर मधला आकडा दोनपेक्षा कमी असलेलं, नेटिव्ह झाडांसाठी म्हणून विकलं जाणारं दाणेदार खत घ्या. गणपतीपासून पाडव्यापर्यंत सहा आठवड्यांनी एकदा, पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्मं. वड, पेपरबार्क, बॉटलब्रश एवढे हळवे नाहीत, ते साधं खतही खातात, पण दोन डबे ठेवले की घाईत अदलाबदल होते. मी सगळ्यांना एकच, कमी स्फुरदाचं वापरते.

खोड आधी, फांद्या नंतर

बोन्सायच्या उथळ कुंडीत खोड जाड होत नाही. हे न पटल्यामुळे घरोघरी काडीएवढी बोन्साय दिसतात. पहिली तीन-चार वर्षं रोप मोठ्या कुंडीत किंवा वाफ्यात मोकळं वाढू द्या. खालची एक फांदी मुद्दाम वाढू द्यायची, ती बुंध्याला पोसते. मग नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये खोड हव्या त्या उंचीवर तिरकं कापा. नवे फुटवे आले की एकाला शेंडा म्हणून निवडा आणि तो पुन्हा वाढू द्या. असं दोन-तीनदा केलं की खोडाला खालून वर निमुळतेपणा येतो.

बँक्सिया एकाच जागेतून चार-पाच फुटवे काढतो. सगळे ठेवले तर तिथे गाठ सुजते, म्हणून कोवळे असतानाच दोन राखून बाकी खुडा. बॉटलब्रशचं फूल संपलं की लगेच फुलाच्या मागे कापा. फुलाच्या टोकातून फांदी पुढे वाढत जाते आणि मागे मण्यांसारखी बोंडं वर्षानुवर्षं खोडाला चिकटून राहतात. एखादा जुना मणीहार मुद्दाम राहू द्यावा, मला तो आवडतो.

तार

ॲल्युमिनियमची तार, जाडी फांदीच्या एक तृतीयांश. इथली झाडं उन्हाळ्यात इतकी भरभर वाढतात की सहा आठवड्यांत तार रुतू शकते, दर रविवारी बघा. गमची फांदी हिरवी-तांबूस असतानाच वाकवायची. एका हंगामात तिचं लाकूड होतं आणि मग ती वाकत नाही, बुडाशी फाटते. पेपरबार्कला तार गुंडाळली की मऊ साल दबते आणि तो वळ राहतो. तिथे फांदीखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालून दोरीने कुंडीकडे ताण द्या. सगळं तारेने करायचा अट्टहास नको. छाटायचं, वाढू द्यायचं, पुन्हा छाटायचं, या चालीने पेपरबार्क आणि वड जास्त सुंदर होतात.

आकार कुठून आणायचा

इथे मी थोडी जास्त रेंगाळणार आहे, कारण बहुतेक नेटिव्ह बोन्साय इथे बिघडतात. झाड निरोगी, कुंडी सुंदर, आणि आकार मात्र पाइनचा: त्रिकोणी शेंडा, खाली झुकलेल्या फांद्या, त्यावर ढगांसारखे हिरवे थर. पाइनच्या फांद्या खाली झुकतात कारण हिवाळाभर त्यांच्यावर बर्फ बसतो. सिडनीच्या गमवर बर्फ कधी बसला?

गमकडे नीट बघा. खोड बराच वेळ मोकळं वर जातं. फांद्या वरच्या दिशेने उठतात, टोकाला बारीक होऊन खाली वळतात आणि पानांचे झुबके फक्त टोकांना लोंबतात. मधून आकाश दिसतं. सावलीत गेलेली फांदी झाड स्वतः टाकतं, तिथे खुंट किंवा ढोली राहते. कुंडीत हेच हवं: मधल्या फांद्या कमी करा, आतली पानं काढा, एखादा खुंट कोरून ढोली करा. एक अडचण येईल. गम छाटला की येणारी पानं बाळपणीची असतात, समोरासमोर, गोलसर, निळसर. मोठ्या झाडाची पानं विळ्यासारखी लांब. छाटणी थांबवून त्या फांदीला पुढे वाढू दिलं की पानं हळूहळू बदलतात, म्हणून प्रदर्शनाच्या आधीचा हंगाम कात्री लांब ठेवा.

कोझियस्को भागातला स्नो गम मात्र खरोखर बर्फ आणि वारा झेलतो. तो बुटका, अनेक खोडांचा, एका बाजूला लोटलेला असतो. किनाऱ्यावरचा बँक्सिया समुद्राकडून पाठ फिरवून जमिनीलगत जातो. पेपरबार्क चिखलातून तीन-चार खोडांनी एकत्र उठतो, खोडं एकमेकांना पीळ घालतात. आणि वडाचा आकार आपल्याला कुणी शिकवायला नको. रुंद बुंधा, आडव्या भरदार फांद्या, उंचीपेक्षा पसारा जास्त. गावच्या पारावरचा वड आठवून पोर्ट जॅक्सन फिग छाटा, जवळपास बरोबर येतं.

सिडनीच्या दक्षिणेचं रॉयल नॅशनल पार्क आणि ब्लू माउंटन्स या माझ्या शाळा आहेत. खडकावर वाढलेलं झाड दिसलं की फोटो काढण्याआधी मी वहीत पाच रेषांत त्याचं चित्र काढते: खोड कुठे वळलं, पहिली फांदी कुठे, पानं कुठे नाहीत. कॅनबेराला २०१३ साली खुल्या झालेल्या नॅशनल आर्बोरेटममध्ये राष्ट्रीय बोन्साय आणि पेनजिंग (बोन्सायची चिनी कला) संग्रह आहे, तिथे इथल्या जातींची झाडं बघायला मिळतात. एक दिवस त्यासाठी ठेवा.

दगडावरचा वड, पायरीपायरीने

सिडनीच्या खाडीकाठी वालुकाश्माच्या कड्यांवर पोर्ट जॅक्सन फिगची मुळं मेण वितळल्यासारखी दगडावरून ओघळलेली असतात. हे कुंडीत करता येतं.

मुठीपेक्षा मोठा, खाचा असलेला टणक दगड निवडा. हाताने खरवडून भुगा पडत असेल तर तो पुढे फुटेल. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये लांब मुळांचं वर्ष-दोन वर्षांचं रोप घ्या, मुळं धुऊन मोकळी करा. बुंधा दगडाच्या माथ्यावर बसवा आणि एकेक मूळ खाचेतून खाली न्या. मुळाची टोकं दगडाखाली निघालीच पाहिजेत. आता मुळांवरून सुती दोरी आणि त्यावरून स्वयंपाकघरातली प्लास्टिकची पातळ पट्टी घट्ट गुंडाळा, खालचं टोक उघडं ठेवून. सगळं खोल कुंडीत दगडाच्या माथ्यापर्यंत पुरा आणि वरचं झाड बेफाम वाढू द्या. वर जितकी वाढ, खाली मुळं तितकी जाड.

पुढच्या उन्हाळ्यात वरचे दोन बोटं मिश्रण काढून बघा. मुळं पेन्सिलएवढी होऊन दगडाला बिलगली असतील तर दर महिन्याला थोडं थोडं खाली उघडत जा. उन्हात आलेलं मूळ तपकिरी होऊन साल धरतं. सैल राहिलेली, दगडापासून सुटलेली मुळं कापून टाका. दोन-अडीच वर्षांनी दगडासकट उथळ कुंडीत.

रोग

मर्टल रस्ट ही बुरशी २०१० साली न्यू साउथ वेल्समध्ये पहिल्यांदा सापडली. गम, पेपरबार्क, बॉटलब्रश, टी-ट्री, लिली पिली ही सगळी मर्टल कुळातली, म्हणून तिला बळी पडतात. कोवळ्या पानांवर हळदीसारखी पिवळी पूड दिसली की हात लावू नका, तेच कपडे घालून दुसऱ्या झाडाकडे जाऊ नका. फांदी पिशवीत बंद करून कापा आणि पिशवीसकट कचऱ्यात टाका. बँक्सियाचा शत्रू जमिनीत असतो, फायटॉप्थोरा. तो मुळं कुजवतो आणि ओल्या, न निचरणाऱ्या मातीत पसरतो. जुनं मिश्रण पुन्हा वापरू नका, कात्री आणि कुंड्या दर वेळी स्पिरिटने किंवा ब्लीचने पुसा.

महाराष्ट्रात असाल तर

कोकण किनाऱ्यावरची सुरू आपल्याला इतकी आपली वाटते की ती उत्तर ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरही मूळची आहे हे ऐकून मला धक्का बसला होता. नाव कॅझुआरिना इक्विसेटिफोलिया. आपण जिला पान म्हणतो ती हिरवी सुई खरं तर फांदी आहे. ती सांध्यावर ओढा, टपकन सुटेल. त्या सांध्याशी बारीक दाते दिसतात, तीच पानं. सुरूला प्रत्येक सांध्यावर सात-आठ असतात, भिंगाखाली मोजून बघा. मुळांवरच्या गाठींतले सूक्ष्मजीव हवेतलं नत्र तिला पुरवतात, त्यामुळे खत अगदी थोडं.

कुंडी बदलायची ती मृगाचा पाऊस पडल्यावर, जून-जुलैत. उन्हाळ्यात बुडाशी पाण्याची थाळी चालते. शेंडे कात्रीने कापले तर टोकं तपकिरी होतात, म्हणून सांध्यावर हाताने उपटायचे. बॉटलब्रशही आपल्याकडे सगळ्या रोपवाटिकांत मिळतो आणि याच वेळापत्रकाने चालतो. सिल्व्हर ओक मात्र घेऊ नका. त्याचं पान फार मोठं, आणि तो ग्रेव्हिलिया असल्यामुळे बँक्सियासारखाच स्फुरदाला हळवा. निलगिरी करायचीच असेल तर वीतभर रोपापासून, आणि कोवळ्या फांदीला वळण पहिल्याच हंगामात.